आरोग्याच्या चर्चेत प्रवक्ता नको, जबाबदार मंत्री हवा

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. लगोलग हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील तिथे पोहोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. हे सारे कॅमेऱ्यांसमोर झाले. वाहिन्यांना दृश्य मिळाले आणि चर्चा त्या झाडूभोवती फिरली. औषधे का नव्हती, हा खरा प्रश्न मागे पडला. त्याच वर्षी राज्याने औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे सोपवण्याचा कायदा केला होता. मधल्या काळात खरेदीची जबाबदारी कोणाची होती, हे संबंधित मंत्र्यांना समोर बसवून विचारायला हवे होते. नांदेडच्या घटनेआधी दोनच महिने कळव्याच्या पालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण गेले होते. तेव्हा प्रश्न धसास लावले असते, तर नांदेडच्या वेळी यंत्रणा निदान सावध तरी असती.

आपल्या वाहिन्यांवरची आरोग्यचर्चा आता ठरीव झाली आहे. चार पक्षांचे चार प्रवक्ते येतात. त्यांच्यापैकी एकाकडेही आरोग्य खात्याचा कारभार नसतो. सत्ताधारी योजनांची नावे वाचतात, विरोधक मृत्यूंचे आकडे मोजतात, मग ‘तुमच्या काळात काय होते’ यावर जुंपते आणि वेळ संपतो. ज्याच्या सहीने निधी सुटतो किंवा अडतो, तो मंत्री या गदारोळात सुखरूप राहतो.

खरे तर विचारण्यासाठी सरकारचेच कागद पुरेसे आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा, असेही त्यात होते. दोन्ही मुदती उलटल्या. देशाने अडीच टक्के गाठले नाहीत आणि महाराष्ट्र आठ टक्क्यांच्या आसपासही नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच पाच लाखांपर्यंत वाढवून ते सर्वांना देण्याचा निर्णय स्वागतार्हच आहे. पण ती योजना मुख्यतः दाखल रुग्णाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. सरकारी दवाखान्यात ‘बाहेरून आणा’ म्हणून हाती दिलेल्या चिठ्ठीवरच्या गोळ्यांचे पैसे आजही रुग्णाच्याच खिशातून जातात.

नेमका प्रश्न लावून धरला की काय होते, हे अमेरिकेत दिसले. १० सप्टेंबर २०२४ रोजी फिलाडेल्फियातील अध्यक्षीय उमेदवारांच्या वादचर्चेत सूत्रसंचालक लिन्सी डेव्हिस यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना विचारले, की ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या जागी आणायची योजना नऊ वर्षांनंतर तरी तयार आहे का? ट्रम्प कायद्यावर टीका करत राहिले. डेव्हिस यांनी पुन्हा विचारले, हो की नाही एवढेच सांगा. तेव्हा आपल्याकडे योजनेच्या काही संकल्पना आहेत, असे उत्तर आले. योजना तयार नाही, हे कोट्यवधी मतदारांना त्याच क्षणी कळले. निवडणूक ट्रम्प यांनीच जिंकली, पण त्यामुळे प्रश्नाचे मोल कमी होत नाही. मतदाराने मत दिले ते उत्तर ऐकून.

आपल्याकडे पंतप्रधानपदाच्या किंवा मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवारांना समोरासमोर उभे करण्याची प्रथाच रुजलेली नाही. ती रुजेपर्यंत वाहिन्यांनी एवढे तरी करावे: आरोग्याच्या चर्चेला खात्याचा मंत्री बोलवावा आणि तो आला नाही तर ते पडद्यावर स्पष्ट सांगावे. सूत्रसंचालकाने जाहीरनामा व अर्थसंकल्प हाती घेऊन बसावे आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचा प्रश्न घेऊ नये. रिक्त पदे किती, मंजूर निधीतला खर्च किती, औषधे कधी येणार, हे तीन प्रश्न दर वेळी व्हावेत.

प्रेक्षकांनीही आरडाओरड्याला दाद देणे थांबवावे आणि मत मागायला आलेल्या उमेदवाराला हेच तीन प्रश्न दारात विचारावेत. नांदेडच्या त्या बालकांच्या आईवडिलांना उत्तर देण्याची जबाबदारी टाळणाऱ्याला पुन्हा सत्ता मागण्याचा अधिकार नाही.