सहा कोयत्यांचा हिशेब

गेल्या अंकात या सदरात आपण बिडाच्या तव्याविषयी बोललो. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एका भगिनीने विचारले आहे की, बाजारात साडेतीनशे रुपयांना कोयता मिळत असताना लोहाराकडून करवून घेतलेल्या कोयत्याला दीड-दोन हजार का पडावेत. ही लूट तर नव्हे? प्रश्न रोखठोक आहे आणि खरे सांगायचे तर दोन वर्षांपूर्वी तो मीही विचारला होता. तोही एका वृद्ध कारागिराच्या तोंडावर, त्याच्याच भट्टीपुढे उभा राहून. त्याची मला अजून थोडी लाज वाटते. म्हणून आजचा लेख.

आमची वाडी खानापूर तालुक्यात. तिकडचा पाऊस वाचकांना ठाऊकच आहे. तो कोसळण्यापूर्वी कुंपणाच्या फांद्या छाटणे, वाळलेले बांबू तोडणे, नारळीच्या झावळ्या उतरवणे, ही कामे उरकावी लागतात. त्यासाठी आम्हा भाऊबंदांच्या सहा घरांत मिळून डझनभर तरी कोयते असतील. पण कामाचा एकही नव्हता. बाजारातल्या नरम पात्याची धार बांबूच्या पेरावर बसताच वळायची आणि संध्याकाळी ती निसण्यावर पुन्हा सरळ करीत बसावे लागायचे. तेव्हा ठरले की सहा घरांचे सहा कोयते एकदाच, एकाच मापाचे करून घ्यावेत. मी बेळगावात तंत्रशाळेत धातुकामाचा शिक्षक होतो, त्यामुळे पोलाद निवडण्याचे काम सर्वांनी माझ्या गळ्यात घातले.

आणि शिक्षक माणूस जी चूक करतो, ती मी आधीच करून बसलो होतो. आदल्या वर्षी मी स्वतःसाठी एक कोयता 'डी-२' जातीच्या पोलादाचा करवून घेतला होता. कारखान्यांत पत्रा कापण्याचे साचे या पोलादाचे करतात. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते. झिजेला हे पोलाद दाद देत नाही. महागही चांगलेच, तेव्हा उत्तमच असणार, असा माझा तर्क. महिनाभर धार कायम राहिली. मग एका वाळल्या बांबूच्या पेरावर तिरका घाव बसला आणि धारेला ज्वारीच्या दाण्याएवढे तीन खांडे पडले. ते काढायला दोन दिवस गेले आणि पाते बोटभर अरुंद झाले.

यात दोष पोलादाचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. पोलादात दोन गुण एकमेकांशी भांडत असतात. एक कठीणपणा, म्हणजे धार टिकवण्याची ताकद. दुसरा चिवटपणा, म्हणजे घाव सोसून न तुटण्याची ताकद. कार्बन आणि क्रोमियम वाढवले की त्यांचे अतिशय कठीण कण पोलादात तयार होतात. ते झीज थोपवतात; पण तडा नेमका त्यांच्याच कडेने धावतो. स्वयंपाकघरातली लहान सुरी कोथिंबीर-कांदा कापते, तिला मार बसत नाही. तिला कठीणपणा शोभतो. मोठे पाते हे कापण्याचे हत्यार कमी आणि आपटण्याचे अधिक. त्याला चिवटपणा आधी हवा.

अमेरिकेत हाताने पाती घडवणाऱ्या लोहारांची 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' ही संस्था १९७६ साली स्थापन झाली. तिची परीक्षा मला फार शहाणपणाची वाटते. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या पात्याने (लांबी दहा इंचांहून अधिक नको) लोंबता एक इंची दोर एका घावात तोडायचा. नंतर दोन बाय चार इंची लाकडी फळी घाव घालून दोनदा तोडायची. मग त्याच धारेने हातावरचे केस उतरवून दाखवायचे. आणि शेवटी पाते शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून काटकोनात वाकवायचे. ते मोडता कामा नये. पहिल्या तीन कसोट्या धारेच्या, चौथी चिवटपणाची. या परीक्षेसाठी तिकडचे पुष्कळ लोहार '५१६०' हे पोलाद घेतात. ते काही दुर्मीळ रसायन नव्हे. सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि टक्क्याहून कमी क्रोमियम असलेले ते वाहनांच्या कमानींचे पोलाद आहे. म्हणजे आमचे लोहार मालमोटारीच्या कमानीचा पाटा तोडून पिढ्यान्‌पिढ्या कोयते करीत आले, त्यात अडाणीपणा नव्हता.

आपल्याकडे कमानींना 'एन-४५' हे पोलाद सर्रास वापरतात. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त आणि सिलिकॉन दोन टक्क्यांच्या आसपास. आमच्या लोहारांपाशी भंगारातले पाटे होते. मी नवी पट्टी घेण्याचा आग्रह धरला. कारण जुन्या पाट्याने लाखो हेलकावे सोसलेले असतात. त्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात. शिवाय प्रत्येक पाटा कोणत्या जातीचा, हे कळत नाही. एकच कोयता करायचा तर अनुभवी हात ते निभावून नेतो; पण सहाही सारखे उतरायला हवेत तर पोलादही एकच हवे.

पोलाद ठरले, मग दर निघाला. लोहार म्हणाले, "अठराशे पडतील एकाला." आणि मी, माझे सारे पुस्तकी ज्ञान विसरून, म्हणालो, "मामा, बाजारात साडेतीनशेला मिळतो की!"

ते रागावले नाहीत. भात्याच्या पंख्याचे बटण बंद करून म्हणाले, "मग बाजारातला घ्या की मास्तर. मी काय नको म्हंतोय काय? पण तुमी शिकलेली माणसं. सामान तुमीच आणा, बसा हितं, आणि हिशेब तुमीच लिवा."

मी बसलो. आठवडाभर जमेल तसा जाऊन बसलो आणि वहीत लिहीत गेलो. ती वही आता समोर आहे.

कोयत्याची पट्टी मुठीसकट ४५ सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि ६ मिलिमीटर जाड. म्हणजे १३५ घन सेंटिमीटर. पोलादाच्या घनतेने गुणले की एक किलो आणि वर ६० ग्रॅम. सहांसाठी साडेसहा किलो पुरायला हवे होते. लोहारांनी मात्र आठ पट्ट्या कापल्या. का, ते पुढे कळले.

पाते घडवून झाल्यावर त्याला पाणी द्यायचे. आपली भाषा पाहा. आपण तेलात बुडवतो तरी 'पाणी देणे'च म्हणतो, आणि माणसाचेही पाणीच जोखतो. पाते तापून लाल होत जाते तसे एका टप्प्यावर, सुमारे ७७० अंश सेल्सिअसला, त्याला चुंबक चिकटेनासे होते. एन-४५ला त्याहूनही बरेच वर न्यावे लागते. चुंबक सुटल्यावर रंग आणखी किती चढू द्यायचा, हे डोळा ठरवतो. म्हणून लोहाराची शाळा अंधारी असते. ती गरिबीची खूण नव्हे, उजेडात लोखंडाचा रंग फसवतो म्हणून. पहिले पाते माझ्यासारख्या बघ्यांसाठी दार उघडे ठेवून तापवले, तेलात विझवले आणि लोहारांनी ते शेगड्यात धरून हातोड्याने सरळ मोडले! मी चपापलो. त्यांनी तुटलेली कड पुढे केली. ती साखरेच्या खड्यासारखी चमकत होती. "बघा, जास्त तापलं," एवढेच म्हणाले, आणि दार लावून घेतले. प्रमाणाबाहेर तापले की पोलादाचे कण फुगतात आणि ते ठिसूळ होते. नीट तापलेल्याची कड राखाडी, मखमलीसारखी दिसते. हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले होते. त्यासाठी एक अख्खे पाते मोडणारा माणूस मात्र त्या दिवशी प्रथम पाहिला.

दुसरे एक पाते तेलात पडताना वाकडे झाले आणि सरळ करताना त्यात केसाएवढी चीर गेली. ती बहुधा मला दिसलीही नसती. लोहारांनी पाते टिचकी मारून ऐकले, बाजूला टाकले. उरली सहा. ती मग उद्यमबागेतल्या एका भट्टीवाल्याकडे नेली आणि अडीचशे अंशांवर दोन-दोन तास दोनदा भाजली. याने कठीणपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा परत येतो. रॉकवेलच्या 'सी' मापावर ती ५५ ते ५७च्या दरम्यान भरली. मोठ्या पात्याला हे योग्य.

आता खर्च. नऊ किलो पोलाद, १,००० रुपये. कोळसा आणि तेल १,२००. सानेचे पट्टे आणि चाक ८००. मुठीचे शिसवी लाकूड आणि रिबिटा १,०००. भट्टीवाल्याचा दर किलोवर असला तरी त्याचा किमान आकार १,०००. एक पाते नेले असते तरी तेवढाच लागला असता. एकूण सामान ५,०००. घण मारणाऱ्या गड्याची दोन दिवसांची मजुरी ७०० प्रमाणे १,४००. लोहारांचे स्वतःचे सहा दिवस.

सहा कोयत्यांचे अठराशेप्रमाणे १०,८०० झाले. त्यातून ६,४०० वजा जाता ४,४०० उरले. सहा दिवसांनी भागा : दिवसाला ७३३ रुपये. ज्याच्या डोळ्यावर सारे अवलंबून, त्याला घण मारणाऱ्या गड्याहून तेहेतीस रुपये अधिक! यात शाळेचे भाडे नाही, विजेचे बिल नाही, ऐरण-हत्यारांची झीज नाही. आणि ज्या पोलादाच्या जातीवर आम्ही भाऊबंदांनी दोन रविवार वाद घातला, त्याचा वाटा रुपयात जेमतेम नऊ पैसे. डी-२ घेतले असते तर कोयत्यामागे पाचशे रुपये वाढले असते, ते पुन्हा पोलादवाल्याचे. हजार अंशांवर तापवणारी भट्टी वेगळी लागली असती, सानेवर वेळही अधिक गेला असता. आणि बांबूवर खांडे पडले असते, ते वेगळेच.

बाजारातला साडेतीनशेचा कोयता खोटा असतो असे नव्हे. तिथे शेकड्यांनी पाती एका साच्यातून निघतात. खर्च शेकड्यांवर वाटला जातो आणि प्रत्येक पात्याला कुणी कान लावत नाही. हलक्या कामाला तो पुरतो. आम्ही मागितले होते ते वेगळे : मोजकी पाती, ठरल्या मापाची, एकेक तपासलेली. तिथे मोडलेल्या पात्यांची किंमत चांगल्या पात्यांनीच भरायची असते.

मी वही लोहारांपुढे ठेवली आणि म्हणालो, "मामा, दर एकवीसशे हवा." त्यांनी मान हलवली. "शब्द अठराशेचा दिलाय. ह्या सहाला तेवढंच. पुढच्याला बघू." आम्ही आग्रह केला, ते बधले नाहीत. मात्र जाताना भिंतीवर खडूने '२१००' लिहून ठेवलेले मी पाहिले.

वाचकांना चार सूचना. मोठे पाते करून घ्यायचे असेल तर महागडे पोलाद मागू नका. काम काय ते सांगा आणि निवड करणाऱ्यावर सोडा. एकट्याने जाऊ नका. शेजारची चार घरे मिळवा, म्हणजे चाचणीचे पाते आणि भट्टीचा किमान आकार सर्वांत वाटला जातो. कमानीचे पोलाद गंजते, तेव्हा काम झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवा. आणि एक कायद्याची गोष्ट : नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती शस्त्रांच्या नियमांत मोडतात, घरगुती व शेतीच्या कामासाठी घडवलेली त्यातून वगळली आहेत. तेव्हा कोयता हा कोयताच असू द्या. हौसेखातर त्याची तलवार करवून घेऊ नका आणि तो मिरवूही नका.

आमचे सहा कोयते दोन पावसाळे पाहून आले आहेत. एकालाही खांडा नाही. यंदा नात्यातल्या आणखी तीन घरांना हवे आहेत. पण तिघांत एकवीसशेचा दर बसत नाही, सहा तरी हवीत. मी घरे शोधतो आहे. लोहारांचा मुलगा उद्यमबागेत यंत्रावर काम करतो आणि रविवारी येऊन पात्यांना सान लावून देतो. हात बापाचाच आहे. मागच्या खेपेस मी त्याला विचारले, "भट्टी पुढे चालवणार ना?" तो कामातून मान वर न करता म्हणाला, "रोजाला हजार पडू देत, मग बघू सर."

एकवीसशेच्या दराने रोजाला एक हजार तेहेतीस पडतात. मी वहीत ताळा करून पाहिला आहे. आता प्रश्न फक्त आणखी तीन घरांचा आहे.