'वाचवा' म्हणतात, पण कोणाचे?

परवा बायपासवरच्या सवलतीच्या दुकानात गेलो होतो. आधीच सांगतो, मी या दुकानांच्या विरोधात नाही. स्टीलचा डबा, बादली, पायपुसणं तिथं गावातल्यापेक्षा स्वस्त मिळालं. घेतलं.

पण कपड्यांच्या पावडरीपाशी थबकलो. तीन किलोच्या पिशवीवर पिवळा बोर्ड : '६० रुपये वाचवा!' किंमत ३९०. म्हणजे किलोला १३०. त्याच कंपनीची तीच पावडर, एक किलोची, शेजारीच ११८ ला! मोठी पिशवी घेणारा ३६ रुपयांना गंडला, वर बचत केली म्हणून खूश.

मित्रहो, अशा वस्तूंची एमआरपी कंपनीच ठरवते. मग तिच्यावर किती सूट, याला काय अर्थ? २०२१ च्या दुरुस्तीनं पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापणं आलं. चांगलंच झालं. पण तो दर एमआरपीवरचा, अक्षर मुंगीएवढं. सवलतीनंतरचा भागाकार गिऱ्हाइकानंच करायचा!

माझी मागणी साधी आहे. फळीवरच्या चिठ्ठीवर सवलतीनंतरचा किलोचा दर लिहा, 'वाचवा'इतक्याच मोठ्या अक्षरात. सरकारनं तसा नियम करावा, वैधमापनवाल्यांनी काट्यांसारखा तोही तपासावा.

आणि आम्ही पेपरवाले? पहिल्या पानावर सेलची जाहिरात घेतो, मग आत ही बातमी कशी येणार? म्हणून इथं लिहितोय.

तोवर खिशात मोबाईल आहेच. आधी भागाकार करा, मग पिशवी उचला.