अमेरिकेतील तिसरे पक्ष आणि पॅलेस्टिनी मानवाधिकारांचा प्रश्न

अमेरिकेच्या राजकारणात डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन प्रमुख पक्षांव्यतिरिक्त असलेल्या पक्षांना 'तिसरे पक्ष' असे संबोधले जाते. पॅलेस्टिनी जनतेच्या मानवाधिकारांचा प्रश्न अध्यक्षीय निवडणुकीत सातत्याने मांडण्याचे काम प्रामुख्याने या पक्षांनी, विशेषतः ग्रीन पक्षाने केले आहे. २०२४ च्या निवडणुकीत गाझातील युद्धामुळे या भूमिकेला मोठे महत्त्व प्राप्त झाले.

पार्श्वभूमी

१९६७ च्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा पट्टी ताब्यात घेतली. तेव्हापासून लष्करी अंमल, ज्यू वसाहतींचा विस्तार आणि निर्वासितांचा परतण्याचा हक्क हे वादाचे मुख्य मुद्दे राहिले आहेत. अमेरिका हा इस्रायलचा सर्वांत मोठा लष्करी साहाय्यकर्ता आहे. २०१६ मध्ये झालेल्या करारानुसार २०१९ ते २०२८ या दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलरचे साहाय्य निश्चित करण्यात आले. दोन्ही प्रमुख पक्षांच्या नेतृत्वाने या धोरणाला पाठिंबा दिल्यामुळे त्यास विरोध असणाऱ्या मतदारांपुढे पर्याय मर्यादित राहतात.

ग्रीन पक्षाची भूमिका

२००० साली ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांना २८ लाखांहून अधिक, म्हणजे सुमारे २.७ टक्के मते मिळाली. नेडर हे लेबनॉनमधून आलेल्या स्थलांतरितांचे पुत्र आहेत. २००५ मध्ये पक्षाने इस्रायलवरील बहिष्कार आणि तेथील गुंतवणूक काढून घेणे यांस पाठिंबा देणारा ठराव संमत केला. जिल स्टाइन यांनी २०१२, २०१६ आणि २०२४ मध्ये पक्षाच्या वतीने अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. इस्रायलला होणारा शस्त्रपुरवठा थांबवावा, ही त्यांच्या २०२४ च्या प्रचारातील प्रमुख मागणी होती. कॉर्नेल वेस्ट (अपक्ष) आणि क्लाउडिया दे ला क्रूझ (समाजवाद व मुक्ती पक्ष) या उमेदवारांनीही हाच प्रश्न मांडला.

२०२४ ची निवडणूक

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० जण मारले गेले आणि सुमारे २५० जणांना ओलीस ठेवण्यात आले. त्यानंतरच्या इस्रायली कारवाईत नोव्हेंबर २०२४ पर्यंत ४३ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडल्याचे गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने सांगितले.

या युद्धाबाबतचा असंतोष प्रथम डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतच व्यक्त झाला. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनमधील प्राथमिक निवडणुकीत एक लाखाहून अधिक मतदारांनी कोणत्याही उमेदवाराऐवजी 'अनकमिटेड' हा पर्याय निवडला. ऑगस्टमध्ये शिकागो येथील अधिवेशनात पॅलेस्टिनी वंशाच्या वक्त्याला व्यासपीठ द्यावे, ही या चळवळीची मागणी पक्षाने मान्य केली नाही. पुढे चळवळीने कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला नाही. मात्र मतविभागणीचा लाभ डोनाल्ड ट्रम्प यांना होईल, या कारणास्तव तिसऱ्या पक्षाला मत देण्याचेही समर्थन केले नाही. याउलट 'अबँडन हॅरिस' या गटाने स्टाइन यांना पाठिंबा दिला. एकाच प्रश्नाने व्यथित झालेले मतदार अशा रीतीने दोन मार्गांनी विभागले गेले.

अरब वंशाच्या नागरिकांची मोठी वस्ती असलेल्या डिअरबॉर्न शहरात ट्रम्प यांना सुमारे ४२, हॅरिस यांना ३६ आणि स्टाइन यांना १८ टक्के मते मिळाली. देशभरात मात्र स्टाइन यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून किंचितच अधिक राहिले.

मतविभागणीचा वाद

२००० साली फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी विजयी झाले, तर नेडर यांना तेथे ९७ हजारांहून अधिक मते पडली. तेव्हापासून तिसऱ्या पक्षावर 'मते खाणारा' असा आरोप होत आला आहे. २०२४ च्या मिशिगनमधील निकालाला हा आरोप लागू पडत नाही. ट्रम्प यांचे मताधिक्य सुमारे ८० हजार होते. स्टाइन यांची मते सुमारे ४५ हजार होती. ती सर्व हॅरिस यांना मिळाली असती, तरी निकाल बदलला नसता. तथापि, ट्रम्प यांना मत देणारे वा मतदानच न करणारे नाराज मतदार या आकड्यांत दिसत नाहीत. त्यामुळे असंतोषाचा एकूण परिणाम केवळ तिसऱ्या पक्षाच्या मतांवरून मोजता येत नाही.

संस्थात्मक अडथळे

बहुतेक राज्यांत सर्वाधिक मते मिळवणाऱ्या उमेदवाराला त्या राज्यातील सर्व निर्वाचक मते मिळतात. मतपत्रिकेवर स्थान मिळवण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. २०२४ मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रीन पक्षाला मतपत्रिकेवरून वगळले. पुढील निवडणुकीसाठी सरकारी निधी मिळण्यास देशभरात किमान ५ टक्के मते आवश्यक असतात. भारतातील राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीप्रमाणे पसंतीक्रम नोंदवण्याची सोय असल्यास मतविभागणीची भीती कमी होते. मेन आणि अलास्का या राज्यांनी अशी पद्धत स्वीकारली आहे.

ब्रिटनशी तुलना

जुलै २०२४ च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीत गाझाच्या प्रश्नावर भर देणारे काही अपक्ष उमेदवार विजयी झाले. लेस्टर साउथमध्ये शॉकत ॲडम यांनी मजूर पक्षाचे ज्येष्ठ नेते जोनाथन ॲशवर्थ यांचा पराभव केला. ब्रिटनमध्येही सर्वाधिक मते मिळवणाराच विजयी होतो. परंतु मतदारसंघ लहान असल्याने एका भागात एकवटलेल्या मतांना संसदेत प्रतिनिधित्व मिळू शकते. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत तीच मते संपूर्ण राज्याच्या बेरजेत विरून जातात. परिणामी तेथे तिसऱ्या पक्षाचे मत सत्तेपर्यंत क्वचितच पोहोचते. त्याचे महत्त्व मुख्यतः निषेधाची नोंद आणि प्रमुख पक्षांवरील दबाव या स्वरूपाचे राहते.