दुरुस्ती कोण करणार?

विकेंद्रित इंटरनेट खेड्यांचा कायापालट करणार, असे कुणी उत्साहाने सांगू लागले की आजकाल मी एकच प्रश्न विचारतो: दुरुस्ती कोण करणार?

पीएच.डी.साठी मी बार्सिलोनाला आलो. इथून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर ओसोना नावाचा शेतीवाडीचा भाग आहे. तिथल्या विखुरलेल्या घरांना ब्रॉडबँड देणे कंपन्यांना परवडत नव्हते. मग २००४ साली रामोन रोका हा संगणकतज्ज्ञ आणि त्याचे शेजारी यांनी छपरांवर वाय-फायचे अँटेना बसवून घराला घर जोडले. त्यातून 'गिफी डॉट नेट' उभे राहिले. आज त्यात तीस हजारांहून अधिक नोड आहेत.

हे पाहून मी भारावलो. २०१५ च्या सुट्टीत गावी जाताना दोन राउटर घेऊन गेलो. डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज नाही, इंटरनेट फक्त शाळेत. ते आमच्या आळीतल्या चार घरांपर्यंत आणले. पेढे वाटले! जूनमध्ये वीज कडाडली आणि शाळेवरचा राउटर गेला. काकांचा फोन आला, "अरे, तुझं ते यंत्र बंद पडलंय. कधी येतोस?" पुढच्या वर्षी गेलो, तर अँटेनाच्या पाइपला दोरी बांधून आईने कपडे वाळत घातले होते.

चूक यंत्राची नव्हती, माझी होती. गिफीचे अँटेना मी पाहिले, करारनामा नीट वाचला नाही. तिथे जोडून घेणाऱ्याला कबूल करावे लागते की माझ्या उपकरणातून इतरांची माहिती मी जाऊ देईन. जाळ्यावर धंदा करणाऱ्या कंपन्यांना वापराच्या प्रमाणात खर्च उचलावा लागतो. २००८ पासून हे पाहायला एक प्रतिष्ठान आहे.

आपल्याला हे नवे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या हिशेबाने. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी भरायचा. पंप काय, पैसे असले की कुणीही आणतो. नियम मात्र गावालाच बसून ठरवावे लागतात.

या वर्षी मी राउटर नेणार नाही. आधी बैठक. वर्गणी किती, किल्ली कुणाकडे, शिडीवर चढणारे दोघे कोण, हे कागदावर आल्यावर मग खरेदी.

काका म्हणाले, "मग तुझं काय काम?"

काहीच नाही, काका. तसे झाले, तरच ते विकेंद्रित!