बेडकाची कातडी आणि औषधाची मालकी

दक्षिण अमेरिकेतील पाणथळींत राहणाऱ्या ‘स्यूडिस पॅराडॉक्सा’ या बेडकाच्या त्वचेत त्याला जंतूंपासून राखणारे ‘स्यूडिन-२’ हे पेप्टाइड असते. ते स्वादुपिंडातील पेशींना इन्सुलिन स्रवण्यास उद्युक्त करते, असे अल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली प्रयोगशाळेत दाखविले. त्याचे औषध अद्याप झालेले नाही. मालकीचा प्रश्न म्हणूनच आज विचारावयाचा. औषध बाजारात आल्यावर विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे.

जोखीम कंपन्यांची, म्हणून मालकीही त्यांचीच, असे भांडवलशाहीचे भाट सांगतात. ‘गिला मॉन्स्टर’ या सरड्याच्या विषातील मधुमेहावर उपयोगी पडणारे पेप्टाइड शोधले कोणी? न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयातील डॉ. जॉन एंग यांनी! सरकारी खात्याने पेटंट घेण्याचे नाकारले आणि २००५ साली औषध आले ते खाजगी कंपन्यांचे. इन्सुलिनच्या शोधकांनी तर १९२३ साली आपले हक्क टोरांटो विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरला दिले. आज इन्सुलिनच्या जागतिक बाजारपेठेचा नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा तीन कंपन्यांच्या मुठीत आहे.

तेव्हा नुसते औदार्य पुरत नाही. विद्यापीठांनी हक्क आपल्याकडे ठेवून किंमतीच्या मर्यादेची अट करारातच घातली पाहिजे. बेडूक ज्यांच्या तळ्यांतला, त्या देशांनाही वाटा हवा. नागोया करार २०१० चा, बेडूक त्याआधीच प्रयोगशाळेत पोचलेला, ही सबब ऐकून घेण्याचे कारण नाही.