सेल्फ फिरतो, कोड अडतो

या महिन्याच्या टपालात पुन्हा तीच तक्रार आहे. सेल्फ खणखणीत फिरतो, गाडी स्टार्ट होत नाही. दोष सापडतो, तरी गाडी टो करून अधिकृत सेंटरला पाठवावी लागते.

परवा आमच्याच वर्कशॉपात हे झालं. कॉमन रेल डिझेल, एका टूरवाल्याची. सेल्फ मारताना स्कॅनरवर 230 आरपीएम, रेल प्रेशर 280 बार, बॅटरी 10 व्होल्टच्या वर. पण इंजेक्शन क्वांटिटी शून्य आणि मीटरवर किल्लीचा दिवा लुकलुकतोय. दुसरी किल्ली लावली, तेच. इम्मोबिलायझरचं युनिट उघडलं तर आत पाणी, पिना हिरव्यागार. निदानाला 35 मिनिटं लागली. नवं युनिट ईसीएमशी जोडायला लागणारा कोड मात्र कंपनीच्या सर्व्हरवर, आणि त्याचं लॉगिन आपल्याला मिळत नाही. सेंटरमध्ये नंबर लागला 11व्या दिवशी. काम 10 मिनिटांचं. तेवढे दिवस त्या माणसाचा धंदा बंद.

स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्येच 14 कार कंपन्यांना 2,544 कोटींवर दंड ठोठावून सांगितलं होतं, की सुटे भाग, डायग्नोस्टिक टूल आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही द्या. कंपन्या कोर्टात गेल्या. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं राइट टू रिपेअर पोर्टल काढलं. आम्हाला हवा होता तो कोड तिथं मिळाला नाही. कोड चोराच्या हाती पडेल, हा आक्षेप खरा आहे. पण अमेरिकेत पडताळणी करून नोंदवलेल्या मेकॅनिकना आणि किल्लीवाल्यांना असे कोड मिळतात, प्रत्येक वापराची नोंद राहते. इथं अशी नोंदणी करायला अधिकाऱ्यांना कोण अडवतंय?

आणि आपल्यातही, गेज न लावता पंप बदलणारे, पंपानं भागलं नाही की इंजेक्टर उतरवणारे आहेतच. गिऱ्हाइकाच्या पैशांवर अंदाज चालवायचा, हे थांबवा. ‘बाहेरच्यांना कोड कसा द्यायचा’ असं म्हणायला कंपन्यांना तुम्हीच जागा देताय.

अशी गाडी आली की जॉब कार्डाची प्रत आम्हाला पाठवा. क्रँकिंग आरपीएम, रेल प्रेशर, फॉल्ट कोड, सेंटरनं घेतलेले दिवस आणि बिल, एवढं त्यावर हवंच. गिऱ्हाइकाचं नाव आणि गाडीचा नंबर झाका. 30 तारखेपर्यंत आलेली सगळी कार्डं घेऊन आम्ही स्पर्धा आयोगाकडे अर्ज करणार आहोत.