आकड्यावर जाऊ नका

टेंभुर्णीच्या चौकात चहा पिताना ऐकायला मिळतं, "बारा बोअरपेक्षा बत्तीस भारीच की! आकडाच केवढा!" मंडळी, ऊस टनात मोजतात आणि रान एकरात. या दोन आकड्यांची बेरीज कुणी करत नाही. बंदुकीच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, शिशाच्या सारख्या १२ गोळ्या ओतल्या, तर एकीची जी जाडी ती बारा बोअरची नळी. त्याच हिशेबानं वीस बोअर तिच्याहून बारीक. पॉइंट ३२ हे निराळंच, इंचाचं माप. त्यातही गंमत अशी, की जुनी थ्री नॉट थ्री रायफल आकड्यानं ३२च्या रिव्हॉल्वरपेक्षा लहान, पण तिच्या गोळीत १५ पट तरी जास्त जोर. पुंगळीत दारू किती आणि नळी केवढी, यावर सगळा खेळ.

"जवळपासचं काडतूस चालतंय," हा समज तर हात घेऊन जाईल. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरमध्ये घातलं तर आत सरकून अडकतं. बार झाला नाही म्हणून मागून बाराचं भरून उडवलं, की नळी हाताजवळच फुटते. काडतुसाच्या बुडावर माप छापलेलं असतं, ते वाचा. आजोबांच्या ट्रंकेत जुनी काडतुसं सापडली तर उघडून, ठोकून बघू नका. पोलीस ठाण्यात कळवा.

आणि वरात. "हवेत मारलेली गोळी हवेतच विरते" म्हणे! विरून जाईल कुठं? ती खाली येते, आणि सेकंदाला ६० मीटरचा वेगही कातडी फोडायला पुरतो. तिरकी सुटली तर वेग कितीतरी जास्त राहतो. ज्याला खेळणं म्हणतात त्या पॉइंट २२ची गोळीही दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. तेवढ्या अंतरात आपल्याकडं हायवे येतो, ऊसतोडणीच्या कोप्या येतात, एखादी वस्ती येते.

२०१९च्या दुरुस्तीपासून, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना खिशात असला तरी सुटका नाही. गावठी कट्ट्याची तर गोष्टच वेगळी. तो नुसता जवळ सापडला तरी तुरुंग.

नवरदेवाच्या मामांनो, यंदा हलगी लावा. बंदूक घरी कुलपात राहू द्या, काडतुसं दुसऱ्या कुलपात.